गाडीच्या बाहेर बॅटरीचा प्लग : जुगाड की शहाणपण? भिवंडीच्या गोदामातला धडा

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, इगतपुरी ते आमणे. आमणे म्हणजे आमच्या भिवंडी तालुक्यातलं गाव. म्हणजे नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा रस्ता आता आमच्या दारात येऊन संपतो. आधीच मानकोली, काल्हेर, राहनाळ, पडघा या पट्ट्यात गोदामंच गोदामं. तुम्ही मोबाईलवरून मागवलेला हेडफोन अनेकदा इथल्याच एखाद्या गोदामातून निघतो. त्यात आता शनिवार-रविवारी फोर-बाय-फोर घेऊन माहुली, तानसा, माळशेजकडे जाणाऱ्या पोरांची भर पडली आहे.

या पोरांमध्ये सध्या एक नवीन फॅशन आहे. गाडीच्या बंपरमध्ये जाड, चौकोनी, प्लॅस्टिकचा एक प्लग बसवायचा, थेट बॅटरीला जोडलेला. बोनेट न उघडता दुसऱ्या गाडीला जंप स्टार्ट देता येतो, हवा भरायचा कंप्रेसर लावता येतो, कॅम्पवर फ्रिज चालवता येतो. रील्समध्ये हे पाच मिनिटांचं काम दिसतं. ते पाच मिनिटांचं का नाही आणि तरीही कल्पना चांगली का आहे, ते आज समजून घेऊ.

आधी आमची फजिती

गेल्या पावसाळ्यात मी आणि माझा मामेभाऊ त्याची जीप घेऊन तानसाच्या बाजूला गेलो होतो. संध्याकाळी निघायच्या वेळी गाडी चालूच होईना. लाईट्स चालू राहिले होते, बॅटरी बसली होती. सोबतच्या मित्राची गाडी समोर लावली आणि जंपर केबल काढल्या. पाऊस, अंधार, एका हातात मोबाईलचा टॉर्च. चार चिमट्यांपैकी एक जोडी उलटी लागली. मोठ्ठी ठिणगी उडाली, चिमट्याचं टोक वितळलं. मामेभाऊ ओरडला, "अरे, लाल कुठे लावलास तू?" तोपर्यंत उशीर झाला होता. मेन फ्यूज गेला आणि अल्टरनेटरही गेला. माझ्या बोटावर भाजल्याची खूण अजून आहे. चूक पूर्णपणे आमचीच.

असं का होतं? दोन बॅटऱ्या उलट्या जोडल्या की त्या एकमेकींच्या मागे उभ्या राहतात. सर्किटमध्ये साधारण २४ व्होल्ट येतात आणि मध्ये अडवायला केबल सोडून काहीच नसतं. वर अल्टरनेटरमधले डायोड, जे एरवी करंट उलटा जाऊ देत नाहीत, ते उलट्या जोडणीत सताड उघडतात आणि जळतात.

"पण १२ व्होल्टचा तर शॉकही बसत नाही ना?" बरोबर, साधारणपणे बसत नाही. पण भाजायला व्होल्टेज लागत नाही, करंट लागतो. तुमच्या फोनची टाईप-सी केबल साधारण ३ अँपिअर वाहते, खास चिप असलेली केबल ५. गाडीची चांगली बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणभर हजारपेक्षा जास्त अँपिअर देऊ शकते. आणि साठा बघा. ५००० एमएएचचा फोन म्हणजे साधारण १९ वॅट-अवर. १२ व्होल्ट, ६० अँपिअर-अवरची गाडीची बॅटरी म्हणजे ७२० वॅट-अवर. म्हणजे सदतीस-अडतीस फोन एकत्र.

चाचांचा प्लग

दुसऱ्या दिवशी गाडी टो करून आणली. आमच्या भागात गोदामांचे फोर्कलिफ्ट दुरुस्त करणारे एक मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी वितळलेला चिमटा हातात घेतला, हसले आणि म्हणाले, "बेटा, हमारे यहाँ ऐसा हो ही नहीं सकता. प्लग ही उल्टा नहीं लगता."

मग त्यांनी मला गोदामात नेलं. इलेक्ट्रिक फोर्कलिफ्टची बॅटरी म्हणजे लोखंडी पेटी, वजन कित्येक शे किलो. ४८ व्होल्ट, ५०० अँपिअर-अवर धरलं तरी २४ युनिट वीज. तिच्यातून दोन जाड वायरी येतात आणि एका प्लॅस्टिकच्या प्लगमध्ये संपतात. हा प्लग फोर्कलिफ्टला लावला की मशीन चालतं, तोच काढून चार्जरला लावला की बॅटरी चार्ज होते. वर्षानुवर्षं, रोज, कमी शिकलेल्या माणसाच्या हातूनही, घाईत आणि अंधारात.

हाच तो प्लग, जो आता जीपच्या बंपरमध्ये दिसतो. बाजारात याला "अँडरसन प्लग" म्हणतात. अँडरसन पॉवर प्रॉडक्ट्स ही अमेरिकेतली जुनी कंपनी, १८७७ ची. तिच्या एसबी मालिकेच्या प्लगला हे नाव चिकटलं, जसं आपण कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो.

यात तीन गोष्टी हुशारीच्या आहेत.

पहिली, यात नर-मादी असा फरक नाही. दोन्ही बाजूंचे प्लग सारखेच. एक उलटा फिरवला की दुसऱ्यात बसतो. म्हणून कोणतीही गाडी कोणत्याही गाडीला मदत देऊ शकते.

दुसरी, प्लस आणि मायनस यांची जागा ठरलेली. एकदा वायर बरोबर बसवली की पुढे कुणी कितीही घाई केली तरी प्लग उलटा लागत नाही.

तिसरी, रंग. कंपनीच्या पद्धतीत पिवळा १२ व्होल्टसाठी, लाल २४, राखाडी ३६, निळा ४८. आणि हा रंग फक्त दिसायला नाही. वेगळ्या रंगाच्या प्लगच्या आतल्या खाचा वेगळ्या असतात, त्यामुळे निळा पिवळ्यात घुसतच नाही. चुकून ४८ व्होल्टचा चार्जर १२ व्होल्टच्या बॅटरीला लागायची शक्यताच संपते.

ही कल्पना एकट्या गोदामाची नाही. सैन्याच्या गाड्यांना बाहेरून २४ व्होल्टची मदत देण्यासाठी नाटो देशांत एकाच मापाचं सॉकेट ठरलेलं आहे. विमानतळावर उभ्या लहान विमानाला बाहेरून २८ व्होल्ट देणाऱ्या प्लगमध्ये दोन जाड पिनांसोबत तिसरी छोटी पिन असते. ती मुद्दाम आखूड ठेवलेली असते. प्लग ओढताना ती आधी सुटते आणि करंट तुटतो, म्हणजे जाड पिना सुटताना ठिणगी पडत नाही. माणूस चुकणार हे गृहीत धरायचं आणि प्लगच तसा बनवायचा, हा सगळीकडचा विचार.

मग रीलमध्ये काय चुकतं?

आपण फोर्कलिफ्टचा प्लग घेतला, पण त्यामागची शिस्त घेतली नाही.

रंगापासूनच बघा. ऑस्ट्रेलियात कॅराव्हॅनवाले १२ व्होल्टसाठी सर्रास राखाडी प्लग वापरतात, कंपनीच्या पद्धतीत तो ३६ व्होल्टचा. त्यांचे व्हिडिओ बघून आपणही राखाडी मागवतो. तुमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांचा राखाडी असेल तर चालून जातं. पण भिवंडीसारख्या ठिकाणी, जिथे शेजारच्याच गोदामात खरोखर ३६ व्होल्टची मशीन असू शकते, तिथे हा रंगांचा गोंधळ महागात पडू शकतो.

मग जाडी. समजा बॅटरीपासून बंपरपर्यंत दोन मीटर वायर, म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर. १५० अँपिअर वाहिले तर किती व्होल्ट वाटेतच खर्च होतात?

- ६ चौरस मिलिमीटरची वायर : साधारण १.७५ व्होल्ट. २६० वॅट नुसती उष्णता.
- १६ चौरस मिलिमीटर : साधारण ०.६५ व्होल्ट.
- ३५ चौरस मिलिमीटर : साधारण ०.३ व्होल्ट.

घरातली वायर म्हणजे २३० व्होल्टचा हिशोब, तिथे दीड-पावणेदोन व्होल्ट गेले तर कळतही नाही. इथे मुळात १२ च आहेत. म्हणून पातळ वायर लावली की गाडी चालू होत नाही आणि वायर मात्र तापते.

जोडही तसाच. लग नीट दाबली नसेल आणि जोडाचा रेझिस्टन्स फक्त एक मिलिओहम असेल, तरी १७५ अँपिअरला तिथे ३० वॅट उष्णता तयार होते. म्हणजे छोटी सोल्डरिंग आयर्न बंपरच्या प्लॅस्टिकमागे चालू ठेवल्यासारखं.

आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे फ्यूजच न लावणं. बॅटरीपासून पुढे जाणारी वायर इंजिनजवळून जाते, पत्र्याच्या कडेला घासते. आज ना उद्या तिचं कव्हर फाटलं की प्लस थेट बॉडीला टेकतो. फ्यूज नसेल तर बॅटरी रिकामी होईपर्यंत किंवा वायर पेटेपर्यंत करंट वाहत राहतो. त्या वेळी तुम्ही गाडीत असालच असं नाही. गाडी बिल्डिंगखाली उभी असेल आणि वर लोक झोपलेले असतील.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे ठणकावून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला बदल, बाहेरून बसवलेले पार्टसुद्धा त्यात आले, तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

बॅटरीचा प्लग हा आरसीवर लिहिलेला तपशील नाही. रंग, इंजिन, इंधन, सीट याच्यासारखा तो नाही. पण म्हणून बिनधास्त राहू नका. समोर बुल बार लावून त्यावर प्लग बसवलात तर तुम्ही सरळ कचाट्यात येता, कारण अशा क्रॅश गार्डवर कारवाई करा असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे. प्लग बंपरच्या रेषेबाहेर आलेला नको, नंबर प्लेट किंवा लाईट झाकणारा नको. कंपनीचं मूळ वायरिंग कापलंत तर वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं. इन्शुरन्समध्ये बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रिकल वस्तू वेगळ्या नोंदवायची सोय असते. बिल जपा आणि पॉलिसी घेताना त्या नोंदवा.

माझं इथे एक म्हणणं आहे. कायद्याला जे दिसतं ते तो पकडतो, मोठे टायर, बुल बार, काळ्या काचा. आग मात्र जे दिसत नाही तिथून लागते. खासगी गाडीला पहिली १५ वर्षं फिटनेस तपासणीच नसते, फक्त पीयूसी. धूर मोजला जातो, बोनेटखालच्या वायरी कुणी बघत नाही. बाहेरून बसवलेल्या वायरिंगसाठी साधा नियम हवा, फ्यूज किती, वायर किती जाड, काम कुणी केलं. परवानगी दिली तर निकष लावता येतात. नुसती बंदी घातली तर लोक तेच काम लपून आणि स्वस्तात करतात.

हा प्रश्न फक्त जीपवाल्यांचा नाही

खरं तर जीपवाला हौशी. त्याची गाडी जळली तर बहुतेक वेळा इन्शुरन्स तरी असतो. पण अंजूरफाट्यावर उभे राहून बघा. ई-रिक्षा, मालाची ई-तीनचाकी, डिलिव्हरीची ई-स्कूटर. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्राने बॅटरीशिवाय इलेक्ट्रिक दुचाकी-तीनचाकी विकायला आणि नोंदवायला परवानगी दिली, त्यातून बॅटरी बदलून घ्यायच्या व्यवसायाला वाट मिळाली. म्हणजे ज्या प्लगला पूर्वी महिन्यातून एकदा हात लागायचा, तो आता दिवसातून दोन-तीनदा काढ-घाल होतो. झिजतो, सैल होतो, तापतो.

याची किंमत आपल्या जवळच मोजली गेली आहे. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्यावर उभी ई-स्कूटर पेटली, तो व्हिडिओ देशभर फिरला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा गेला. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचं एआयएस १५६ हे मानक कडक झालं, पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून. ऑक्टोबर २०२३ मध्ये बीआयएसने हलक्या ई-वाहनांसाठी एसी आणि डीसी दोन्ही चालणाऱ्या एकत्र चार्जिंग कनेक्टरचं भारतीय मानक मान्य केलं, आयएस १७०१७ भाग २ विभाग ७. दिशा बरोबर आहे. पण रस्त्यावर अजून तऱ्हेतऱ्हेचे प्लग दिसतात, आणि प्लग जुळला नाही की आपला माणूस काय करतो? वायर सोलतो आणि पीळ मारून टेप लावतो.

फोनचं उदाहरण आपल्याला पाठ आहे. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनला टाईप-सी सक्तीचं झालं. आज मित्राचा चार्जर आपल्या फोनला चालतो, आणि तो उलटा लागत नाही याचं आपल्याला कौतुकही वाटत नाही. महाराष्ट्राच्या २०२५ च्या ई-वाहन धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय, अटल सेतू आणि समृद्धीवर टोलमाफी असं बरंच आहे. चांगलंच आहे. पण स्टेशन किती यासोबत प्लग कोणता आणि तो बसवणाऱ्या पोराला क्रिम्पिंग शिकवलं कुणी, हेही विचारायला हवं.

बसवायचाच असेल तर

चाचांनी शेवटी मामेभावाच्या गाडीला प्लग बसवून दिला. त्यांच्या हाताखाली उभं राहून जे शिकलो, ते असं :

१. फ्यूज बॅटरीजवळच. प्लसच्या टोकापासून शक्यतो एका वितीच्या आत. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, म्हणून तो वायरच्या क्षमतेपेक्षा मोठा नको.

२. काम बघून प्लग. फ्रिज, लाईट, छोटा कंप्रेसर यासाठी एसबी ५०, म्हणजे ५० अँपिअरचा. जंप स्टार्टसाठी एसबी १७५ आणि ३५ चौरस मिलिमीटरची वायर. विंच पूर्ण ताकदीला ३०० ते ४०० अँपिअर ओढू शकते, तिला ५० च्या प्लगवर कधीही लावू नका.

३. वायर शुद्ध तांब्याची. बारीक तारांची, वेल्डिंग केबलसारखी. तार खरवडून बघा. आतून चंदेरी निघाली तर वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम. परत करा.

४. लग हायड्रॉलिक क्रिम्परनेच दाबा. हातोडीने ठोकलेली लग आणि नुसतं सोल्डर, दोन्ही नको. जोड तापला की सोल्डर मऊ पडतं.

५. मायनस कुठे? नव्या गाड्यांत बॅटरीच्या मायनसवर सेन्सर असतो. प्लगची मायनस वायर बॅटरीच्या टोकाला नाही, बॉडीच्या अर्थ पॉइंटला लावा. नाहीतर सेन्सरचा हिशोब चुकतो.

६. जागा आत, तोंड खाली, झाकण हवंच. साधा एसबी प्लग पाण्यासाठी बंद नसतो. कोकणातल्या पावसात त्यात चिखल बसणार. रबरी झाकण लावा आणि बाजूला ठळक "१२ व्होल्ट" लिहा.

७. चालू करंटवर प्लग ओढू नका. आधी लोड बंद, मग प्लग. आणि ओढताना प्लगला धरायचं, वायरला नाही. फोनच्या केबलला आई जे सांगते तेच.

८. इलेक्ट्रिक कारच्या नारिंगी केबलला हात नाही. तिथे शेकडो व्होल्ट असतात. हा लेख फक्त १२ व्होल्टपुरता.

आणि प्लग नसेल, चिमटेच वापरायचे असतील, तर क्रम लक्षात ठेवा. आधी बसलेल्या बॅटरीचा प्लस, मग चांगल्या बॅटरीचा प्लस, मग चांगल्या बॅटरीचा मायनस, आणि शेवटचा चिमटा बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. कारण चार्ज होताना लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीने पेटू शकतो. म्हणूनच गोदामाच्या चार्जिंग रूमला खिडक्या असतात आणि चाचा तिथे बिडी पेटवू देत नाहीत.

सामान आणि मजुरी मिळून जो खर्च आला, तो जळलेल्या अल्टरनेटरपेक्षा कमी होता. मामेभावाला मी तेव्हापासून एकच सांगतो, प्लग दिसतो म्हणून त्याचा फोटो काढतोस, काढ. पण कुणी विचारलं तर आधी बोनेट उघडून फ्यूज दाखव.